राष्ट्रीय संघाचं बोलावणं आणि क्लबचं कॅलेंडर

ऑगस्ट २०१८. जकार्तातली आशियाई क्रीडा स्पर्धा तोंडावर आलेली आणि फिलिपिन्समध्ये घराघरात एकच विषय: जॉर्डन क्लार्कसन येणार की नाही? क्लार्कसन अमेरिकेत जन्मलेला, आईकडून फिलिपिनो, एनबीएमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये, क्लीव्हलँड कॅव्हेलियर्सकडून खेळणारा. त्याला खेळायचं होतं. देशाला तो हवा होता. त्याला कुठे दुखापतही नव्हती, आणि एनबीएचा हंगाम ऑक्टोबरमध्ये सुरू होतो, म्हणजे क्लबचा एकही सामना बुडणार नव्हता. तरीही एनबीएने सांगितलं, नाही.

कारण काय, तर एनबीए आणि फिबा (म्हणजे बास्केटबॉलची जागतिक संघटना) यांच्यातल्या करारात ज्या स्पर्धांसाठी खेळाडू सोडायचे त्यांची यादी आहे. ऑलिंपिक, विश्वचषक, आशिया चषकासारख्या खंडीय स्पर्धा आणि त्यांच्या पात्रता फेऱ्या एवढंच त्या यादीत येतं. आशियाई क्रीडा स्पर्धा त्यात नाहीत. विषय संपला.

पण तो संपला नाही. थोड्याच दिवसांत एनबीएने 'फक्त या एका वेळेपुरती' म्हणून सवलत जाहीर केली. ती क्लार्कसनला मिळाली, आणि त्याच्याबरोबर चीनच्या दोघांना: ह्यूस्टनचा झोऊ छी आणि डॅलसचा डिंग यानयूहांग. चीनची बाजारपेठ एनबीएसाठी किती मोठी आहे हे माहीत असलेल्या माणसाच्या मनात इथे शंका येतेच. रांगेत एकटा क्लार्कसन असता तर दार उघडलं असतं का? असो. उद्घाटन सोहळ्यात फिलिपिन्सचा ध्वज क्लार्कसनच्या हातात होता आणि चीनविरुद्ध त्याने २८ गुण केले. सामना फिलिपिन्सने ८२-८० असा दोन गुणांनी गमावला.

व्यावसायिक क्लब आपल्या खेळाडूला देशाकडून खेळण्यापासून रोखू शकतो का, या प्रश्नाची बहुतेक गुंतागुंत या एका प्रसंगात आहे. इथे नकार क्लबने दिलाच नव्हता, लीगने दिला होता. तो कुठल्या कायद्यातून आला नव्हता, दोन संस्थांमधल्या करारातून आला होता. आणि शेवटी तो मागेही घेतला गेला.

आपल्याला हे सगळं जरा उलटं वाटतं, कारण आपण क्रिकेटवर वाढलो. क्रिकेटमध्ये खेळाडूचा मुख्य मालक म्हणजे त्याच्या देशाचं बोर्ड. आयपीएलमध्ये खेळायला येणाऱ्या परदेशी खेळाडूला आपल्या बोर्डाकडून ना हरकत प्रमाणपत्र, ज्याला सगळे एनओसी म्हणतात, ते आणावं लागतं. बोर्डाने नाही म्हटलं तर फ्रँचायझी हात चोळत बसते. बास्केटबॉलमध्ये पगार देणारा क्लब आणि राष्ट्रीय संघ हा उन्हाळ्यातला पाहुणा. वर्षाला कोट्यवधी डॉलर एक जण मोजतो आणि ऐन सुट्टीत महिनाभर राबवून दुसरा घेतो, असं क्लबच्या मालकाला वाटतं. त्याच्या जागी बसून पाहिलं तर ते अगदीच चुकीचं नाही.

आता नियम काय म्हणतात ते पाहू. फिबाची स्थापना १९३२ साली जिनिव्हात झाली. तिची रचना झाडासारखी आहे. वर फिबा, तिच्याखाली प्रत्येक देशाचा एक महासंघ, महासंघाच्या छत्राखाली त्या देशाची लीग, आणि लीगमध्ये क्लब. या झाडाच्या फांदीवर जो बसलाय त्याच्यासाठी उत्तर सरळ आहे. फिबाच्या अधिकृत स्पर्धेसाठी देशाने बोलावलं तर खेळाडूला सोडावंच लागतं. त्याचा विमा काढणं ही बोलावणाऱ्या महासंघाची जबाबदारी. क्लबने आडमुठेपणा केला तर त्याचा महासंघ आणि फिबा त्याला वठणीवर आणू शकतात, कारण त्याची नोंदणी, त्याचे परवाने, त्याच्या परदेशी खेळाडूंचे कागद हे सगळं त्यांच्याच हातात आहे.

अडचण अशी की बास्केटबॉलमधले सगळ्यात श्रीमंत क्लब एक तर या झाडावर बसलेलेच नाहीत, किंवा एक पाय फांदीवर आणि एक जमिनीवर ठेवून उभे आहेत.

एनबीए झाडाच्या पूर्ण बाहेर आहे. अमेरिकेतर्फे फिबाची सदस्य आहे ती यूएसए बास्केटबॉल ही संस्था. एनबीए ही खासगी लीग आहे आणि फिबाचं नियमपुस्तक तिच्यावर बंधनकारक नाही. मग दोघांमध्ये काहीच धागा नाही का? आहे, आणि तो बराच मजबूत आहे. एखादा खेळाडू माद्रिदहून डॅलसला किंवा डेन्व्हरहून शांघायला जातो तेव्हा आधीच्या देशाच्या महासंघाकडून त्याला मोकळीक-पत्र लागतं. इकडचा करार मोडून तिकडे पळता येत नाही, याची ती खात्री असते. एनबीए फिबाचे करार मानते, फिबा एनबीएचे मानते. हे परस्परांचं शेजारधर्मासारखं नातं आहे, आणि राष्ट्रीय संघासाठी खेळाडू सोडण्याचा करार त्याच शेजारधर्मातून आलाय.

हा करार नसता तर काय झालं असतं हे एनबीएच्या खेळाडूंच्या प्रमाण करारात दिसतं. क्लबच्या परवानगीशिवाय खेळाडूने दुसरीकडे बास्केटबॉल खेळायचं नाही, आणि अंगावर बेतेल असं इतरही काही करायचं नाही. यादीत पॅराशूटने उड्या मारणं आहे, गिर्यारोहण आहे, मोटरसायकल आहे, मोपेडसुद्धा आहे. मोपेड वाचून हसू येतं, पण २००८ मध्ये गोल्डन स्टेट वॉरियर्सच्या मॉन्टा एलिसने मोपेडवरून पडून घोटा दुखावून घेतला आणि क्लबने त्याला ३० सामन्यांसाठी निलंबित केलं. म्हणजे एनबीए खेळाडूचं शरीर हे करारापुरतं क्लबची मालमत्ता आहे असंच गृहीत धरलंय. राष्ट्रीय संघाकडून खेळणं हा त्या गृहीतकाला दिलेला अपवाद. आणि अपवादाला अटी असतात.

पहिली अट यादीची, ती क्लार्कसनच्या वेळी पाहिलीच. दुसरी वेळेची: शिबिरात खेळाडूने स्पर्धेच्या साधारण चार आठवडे आधी यायचं, त्याहून लवकर नाही. तिसरी विम्याची. आणि चौथी, जिच्यावरून सगळ्यात जास्त वाद होतात, ती वैद्यकीय. खेळाडूच्या तब्येतीबद्दल क्लबला वाजवी शंका असेल, म्हणजे दुखापत पूर्ण बरी झालेली नसेल किंवा खेळल्याने ती वाढण्याचा धोका असेल, तर क्लब त्याला अडवू शकतो. एनबीएच्या क्लबकडे नकाराचं खरं हत्यार हे एवढंच.

सॅन अँटोनियो स्पर्सने ते २०१४ मध्ये वापरलं, आणि तेही मनू जिनोबिलीवर. अर्जेंटिनाला २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळवून देणारा, उपांत्य सामन्यात अमेरिकेला धूळ चारणाऱ्या संघाचा नायक. जून २०१४ मध्ये तो स्पर्सबरोबर एनबीए विजेता झाला आणि नंतर कळलं की त्याच्या उजव्या पायाच्या बारक्या हाडाला ताणामुळे सूक्ष्म तडा गेलाय. तो ३७ वर्षांचा होत होता. विश्वचषक ऑगस्टअखेर स्पेनमध्ये होता, आणि हा आपला शेवटचा विश्वचषक हे त्याला ठाऊक होतं. तोवर हाड भरून येईल अशी त्याला आशा होती. क्लबने सांगितलं, नाही. त्याच्याविना गेलेला अर्जेंटिनाचा संघ बाद फेरीच्या पहिल्याच सामन्यात ब्राझीलकडून हरला.

स्पर्सला दुष्ट ठरवण्याआधी सहा वर्षं मागे जायला हवं. २००८ च्या हंगामात जिनोबिलीचा घोटा दुखावला होता. तरी तो बीजिंग ऑलिंपिकला गेला. उपांत्य सामन्यात अमेरिकेविरुद्ध तोच घोटा पुन्हा गेला, मग शस्त्रक्रिया झाली आणि क्लबच्या पुढच्या हंगामाची सुरुवात त्याच्याविना झाली. एकदा दूध पोळलं होतं, म्हणून २०१४ मध्ये त्यांनी ताकही फुंकून प्यायलं. क्लबने करारातला अधिकार वापरला आणि तसं सांगूनही वापरला. तुम्हाला राग येऊ शकतो, पण फसवणूक झाली असं म्हणता येत नाही.

त्यापेक्षा अवघड प्रकरण यानिस आंतेतोकुंपोचं. २०१७ मध्ये युरोबास्केट, म्हणजे युरोपातल्या राष्ट्रीय संघांची स्पर्धा, सुरू व्हायला जेमतेम दोन आठवडे उरले असताना यानिसने फेसबुकवर जाहीर केलं की गुडघ्याच्या दुखण्यामुळे तो ग्रीसकडून खेळणार नाही. ग्रीक महासंघ भडकला. हा मिलवॉकी बक्स आणि एनबीए यांनी मिळून रचलेला डाव आहे, असा आरोप त्यांनी उघडपणे केला. क्लबचं म्हणणं, गुडघा तपासलाय, धोका आहे. आता बाहेर बसून हे कोण ठरवणार? गुडघा खेळाडूचा, डॉक्टर क्लबचा, अहवाल क्लबकडे, पगारही क्लबचा. 'खेळू नकोस' असा हुकूम आणि 'खेळलास तर तुझं नुकसान होईल' असा सल्ला यांच्यातली रेघ पुसट असते. मला स्वतःला कटाचा पुरावा कुठे दिसलेला नाही. पण वैद्यकीय अट लिहिताना ही रेघ पुसट ठेवणं सगळ्यांच्या सोयीचं होतं, एवढं मात्र दिसतं. ग्रीस त्या स्पर्धेत उपांत्यपूर्व फेरीत बाद झाला.

क्लबना भीती कशाची वाटते, हेही नीट समजून घ्यायला हवं. २००६ मध्ये जपानमधल्या जागतिक स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात स्पेनच्या पाउ गासोलचा पाय मोडला. अंतिम सामना स्पेनने त्याच्याविना ग्रीसविरुद्ध ७०-४७ असा जिंकला, गासोल स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला, माद्रिदमध्ये जल्लोष झाला. बिल कोणाकडे गेलं? मेंफिस ग्रिझलीजकडे. गासोल नव्या हंगामातले वीसहून अधिक सामने बाहेर बसला आणि मेंफिसने त्या वर्षी ८२ पैकी फक्त २२ सामने जिंकले.

दुसरं उदाहरण अजून अंगावर येतं. १ ऑगस्ट २०१४, लास व्हेगास. अमेरिकेच्या संघातल्या खेळाडूंचा आपापसातला सराव सामना, प्रेक्षक आणि टीव्हीचे कॅमेरे हजर. चेंडू अडवायला उडी मारलेला पॉल जॉर्ज बास्केटच्या खांबापाशी उतरला आणि त्याच्या पोटरीची दोन्ही हाडं मोडली. इंडियाना पेसर्सचा तो सगळ्यात महत्त्वाचा खेळाडू. पुढच्या पूर्ण हंगामात तो फक्त सहा सामने खेळला. आणि हे झालं ते विश्वचषकात नाही, सरावात. डॅलस मॅव्हरिक्सचा तेव्हाचा मालक मार्क क्युबन तर आधीपासून म्हणत होता की धोका आपण घ्यायचा आणि पैसा ऑलिंपिकवाल्यांनी कमवायचा, हा कुठला व्यवहार? जॉर्जच्या दुखापतीनंतर त्याचा आवाज आणखी चढला.

विमा आहे ना, असं कुणी म्हणेल. आहे. पण विमा क्लबला पगार परत देतो, खेळाडू परत देत नाही. उलट विम्याचा हप्ता हाच कधी कधी राष्ट्रीय संघाच्या गळ्यातला धोंडा होतो. खेळाडूचा पगार जितका मोठा, करार जितका लांबचा, जुन्या दुखापती जितक्या जास्त, तितका हप्ता फुगतो. श्रीमंत महासंघ तो भरतात. छोट्या देशाच्या महासंघाला मात्र एकाच खेळाडूच्या विम्यात शिबिराचा खर्च बुडताना दिसतो. क्लबने नाही म्हटलेलं नाही, खेळाडू तयार आहे, तरीही गाडी तिथेच अडते.

फुटबॉलने हा प्रश्न पैशाने सोडवायचा प्रयत्न केला. बेल्जियमच्या शार्लरुआ क्लबचा अब्देलमजीद उल्मर्स नोव्हेंबर २००४ मध्ये मोरोक्कोकडून खेळताना जखमी होऊन कित्येक महिने बाहेर गेला. क्लबने फिफावर दावा लावला आणि युरोपातले बडे क्लब त्याच्या मागे उभे राहिले. २००८ मध्ये तडजोड झाली आणि मोठ्या स्पर्धांच्या उत्पन्नातला वाटा क्लबना मिळू लागला. २०२२ च्या विश्वचषकासाठी फिफाने क्लबना २० कोटी ९० लाख डॉलर वाटले, म्हणजे दर खेळाडूमागे रोजचे साधारण ११ हजार डॉलर. क्लबची कुरकुर त्याने थांबली नाही, पण सूर बदलला.

फुटबॉलमधलंच आणखी एक प्रकरण या विषयात कायद्याचा मुद्दा फार स्वच्छ दाखवतं. २००८ च्या ऑलिंपिकसाठी लिओनेल मेस्सीला सोडायला बार्सिलोना तयार नव्हती. मामला लोझानच्या क्रीडा लवादाकडे गेला. लवादाने ऑलिंपिकचा थोरपणा, देशप्रेम वगैरे बाजूला ठेवून एकच प्रश्न विचारला: ऑलिंपिक फिफाच्या अधिकृत कॅलेंडरमध्ये आहे का? नाही. मग सोडण्याची सक्ती नाही. बार्सिलोना जिंकली! गंमत म्हणजे तोवर मेस्सी चीनमध्ये पोचलेला होता, आणि जिंकल्यानंतर क्लबने त्याला खेळायला परवानगी देऊन टाकली. अर्जेंटिनाने सुवर्णपदक जिंकलं. पण निकालाचा अर्थ उरला तो उरलाच: स्पर्धा कॅलेंडरवर असेल तर खेळाडू देशाचा, नसेल तर क्लबचा.

कॅलेंडर हा शब्द लक्षात ठेवा, कारण बास्केटबॉलमधली खरी लढाई त्याच्यावरच चाललीय.

२०१७ पर्यंत विश्वचषकाची पात्रता उन्हाळ्यातल्या खंडीय स्पर्धांमधून ठरायची. उन्हाळ्यात लीग बंद असतात, त्यामुळे भांडण निदान दुखापतीपुरतं मर्यादित होतं. फिबाला वाटलं, फुटबॉलसारखे घरच्या मैदानावर सामने झाले पाहिजेत, वर्षभर राष्ट्रीय संघ लोकांना दिसला पाहिजे. हेतू चांगला होता. म्हणून २०१९ च्या विश्वचषकासाठी नवी पद्धत आली: ८० देश, ३२ जागा, आणि सामने नोव्हेंबर, फेब्रुवारी, जून-जुलै आणि सप्टेंबर अशा ठरावीक दिवसांत. या दिवसांना 'विंडो' म्हणतात, खिडकी. पहिली खिडकी नोव्हेंबर २०१७ मध्ये उघडली.

पण नोव्हेंबर आणि फेब्रुवारी म्हणजे लीगचा ऐन हंगाम. एनबीए थांबण्याचा प्रश्नच नव्हता. ती झाडावरच नाही. युरोपात युरोलीगही थांबली नाही. फिबाने दुसऱ्याच्या भिंतीत खिडकी पाडायला घेतली होती, आणि भिंतीचा मालक सरकायला तयार नव्हता.

युरोलीग म्हणजे युरोपातल्या सर्वोत्तम क्लबांची स्पर्धा: रिआल माद्रिद, बार्सिलोना, पानाथिनायकोस, ऑलिंपियाकोस, फेनरबाचे वगैरे. २००० साली युरोपातल्या बऱ्याच बड्या क्लबांनी फिबाच्या युरोपीय स्पर्धेतून बाहेर पडून आपली वेगळी चूल मांडली. एक वर्ष युरोपात दोन-दोन विजेते झाले, मग क्लबांची स्पर्धाच टिकली. तेव्हापासून फिबाच्या मनात ते सलत आलंय. २०१५-१६ मध्ये फिबाने आपली चॅम्पियन्स लीग काढली तेव्हा पुन्हा जुंपली, आणि स्पेन, सर्बियासारख्या देशांना युरोबास्केट २०१७ मधून वगळण्याची धमकी दिली गेली, कारण त्यांचे क्लब युरोलीगच्या बाजूने होते. प्रत्यक्षात कुणाला वगळलं गेलं नाही. पण क्लबच्या पापासाठी राष्ट्रीय संघाला शिक्षा द्यायची, हा विचारच मला अजब वाटतो. ज्या राष्ट्रीय संघासाठी एवढं रामायण, त्यालाच ओलीस धरायचं!

युरोलीगचे क्लब असे एक पाय आत, एक पाय बाहेर आहेत. रिआल माद्रिद स्पेनच्या लीगमध्ये खेळते तेव्हा ती फिबाच्या झाडावर असते; युरोलीगमध्ये खेळते तेव्हा नसते. मग खिडकीच्या आठवड्यात तिच्या खेळाडूला देशाने बोलावलं तर? कागदावर क्लबने सोडायला हवं. पण त्याच आठवड्यात युरोलीगचा सामना लागलेला असतो. क्लब 'जाऊ नकोस' म्हणतच नाही. तो म्हणतो, गुरुवारी आपला सामना आहे, बघ बाबा. तीस वर्षांचा खेळाडू, करार जूनमध्ये संपतोय, त्याच्या जागेवर खेळायला एक तरुण पोरगा टपून बसलाय. तो काय करील? कुठेही सही झालेली नाही, कुठेही नकाराचं पत्र नाही. वेळापत्रकाने काम केलं.

याचा पहिला मोठा बळी स्लोव्हेनिया. सप्टेंबर २०१७ मध्ये गोरान ड्रागिच आणि अवघ्या १८ वर्षांच्या लुका डोंचिचच्या जोरावर हा वीस लाख वस्तीचा देश युरोपचा विजेता झाला. दोनच महिन्यांत पात्रता सामने सुरू झाले. ड्रागिच मायामीत एनबीए खेळत होता, डोंचिच माद्रिदमध्ये युरोलीग. युरोपचा विजेता संघ २०१९ च्या विश्वचषकाला पात्रच ठरू शकला नाही. मोठ्या देशाकडे दुसरी फळी असते, तिसरी असते. वीस लाखांच्या देशाकडे एकच फळी असते.

स्पेनकडे मात्र फळ्याच फळ्या होत्या. प्रशिक्षक सर्जियो स्कारिओलोने युरोलीगबाहेरच्या क्लबांमधले, टीव्हीवर फारसे न दिसणारे खेळाडू घेऊन खिडक्यांचे सामने काढले. हे लोक फेब्रुवारीच्या थंडीत खेळले, जिंकले आणि देशाला चीनमधल्या विश्वचषकाचं तिकीट काढून दिलं. रिवाजाप्रमाणे यानंतर त्यांनी बाजूला व्हायचं होतं, कारण उन्हाळ्यात एनबीएतले मार्क गासोल आणि रिकी रुबिओ येणार. पण स्कारिओलोने अंतिम बारामध्ये किनो कोलोम, हावी बेइरान आणि शावी राबासेदा यांना ठेवलं. १५ सप्टेंबर २०१९ रोजी बीजिंगमध्ये स्पेनने अर्जेंटिनाला ९५-७५ असं हरवलं आणि खिडकीतले हे लोकही विश्वविजेते म्हणून व्यासपीठावर उभे राहिले. या सगळ्या कटकटीतून निघालेली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट ही.

अमेरिकेनेही तसंच केलं, अर्धवट. पात्रता सामने जेफ व्हॅन गंडी या प्रशिक्षकाच्या हाताखाली एनबीएच्या खालच्या पायरीवरच्या जी लीगमधल्या खेळाडूंनी खेळले. विश्वचषकाला मात्र एनबीएचाच संघ गेला, तोही बड्या ताऱ्यांनी एकामागून एक माघार घेतल्यावर उरलेला, आणि सातवा आला. ती माघार कुणा क्लबने घ्यायला लावली नव्हती. दमलोय, हंगाम मोठा आहे, पुढचा करार महत्त्वाचा आहे, अशी कारणं होती. २०२३ मध्ये निकोला योकिचनेही डेन्व्हरला विजेतेपद मिळवून दिल्यावर सर्बियाकडून न खेळता विश्रांती घेतली. सर्बिया तरीही अंतिम फेरीत पोचला.

सगळीकडे अशीच रस्सीखेच आहे असं नाही. ऑस्ट्रेलियाची एनबीएल आणि जपानची बी लीग खिडकीच्या दिवसांत सामनेच ठेवत नाहीत. तिथे हा लेख कुणी वाचणार नाही, गरजच नाही.

महिलांच्या बास्केटबॉलमध्ये गणित पुन्हा वेगळं आहे. डब्ल्यूएनबीएचा, म्हणजे अमेरिकेतल्या महिलांच्या लीगचा, हंगामच उन्हाळ्यात असतो, म्हणजे युरोपातली महिला स्पर्धा जूनमध्ये थेट त्याच्या अंगावर येते. ऑलिंपिकच्या वर्षी लीग महिनाभर थांबते. युरोपातल्या स्पर्धेसाठी मात्र नाही. मार्ग काढलाय तो व्यवहारी: खेळाडूचा करार तेवढ्या काळापुरता तहकूब करायचा. क्लब पगार देत नाही, खेळाडू देशाकडून खेळून येते, करार पुन्हा सुरू होतो. बेल्जियमच्या एम्मा मेसेमनने २०२५ मध्ये आधी देशाला सलग दुसऱ्यांदा युरोपचं विजेतेपद मिळवून दिलं आणि मगच न्यूयॉर्क लिबर्टीकडे गेली. पण तिच्या दर्जाच्या खेळाडूसाठी क्लब थांबतो. संघातल्या अकराव्या-बाराव्या खेळाडूसाठी कोण थांबेल?

हे सगळं वाचून क्लब म्हणजे खलनायक आणि देश म्हणजे बिचारा असं वाटायला लागलं असेल तर जरा इतिहासात डोकावू. एकेकाळी दोरी उलट्या हातात होती. ब्राझीलच्या ऑस्कर श्मिटला १९८४ मध्ये न्यू जर्सी नेट्सने निवडलं. त्याने नकार दिला, कारण एनबीएत पाऊल ठेवलं की फिबाच्या त्या वेळच्या नियमाने राष्ट्रीय संघाचं दार कायमचं बंद व्हायचं. इटलीत पैसे घेऊन खेळलेलं चालायचं, तो 'हौशी' राहायचा. एनबीएत खेळला की 'व्यावसायिक'. असा ढोंगी नियम! ऑस्कर इटलीत खेळत राहिला आणि १९८७ मध्ये इंडियानापोलिसला, अमेरिकेच्या घरात, पॅन अमेरिकन स्पर्धेच्या अंतिम सामन्यात ४६ गुण करून ब्राझीलला १२०-११५ असं जिंकून दिलं. एप्रिल १९८९ मध्ये म्युनिकला फिबाने ५६ विरुद्ध १३ मतांनी तो नियम काढला. अमेरिकेच्या प्रतिनिधींनी विरोधात मत दिलं होतं, हे आज खरं वाटत नाही.

चीनमध्ये दोरी सरकारच्या हातात होती. वांग झिझी हा लष्कराच्या बायी संघाचा खेळाडू २००१ मध्ये डॅलसकडून खेळून एनबीएमधला पहिला चिनी खेळाडू ठरला. २००२ च्या उन्हाळ्यात राष्ट्रीय संघाच्या सरावासाठी परत ये, असा निरोप आला. तो आला नाही. त्याला राष्ट्रीय संघातून काढून टाकलं आणि २००६ मध्ये परत येऊन जाहीर माफी मागेपर्यंत घरचे दरवाजे बंद राहिले. त्या अनुभवानंतर याओ मिंगला २००२ मध्ये ह्यूस्टनला जाऊ दिलं तेच राष्ट्रीय संघासाठी येण्याच्या अटीवर. याओने अट पाळली. फेब्रुवारी २००८ मध्ये डाव्या पायाचं हाड ताणाने तडकलं, तरी ऑगस्टमध्ये तो बीजिंगला देशाचा ध्वज घेऊन चालला आणि खेळला. २०११ मध्ये, तिशीतच, पायाच्या दुखण्यांमुळे निवृत्त झाला. उन्हाळ्यांची ती कामगिरी नसती तर तो अजून किती वर्षं खेळला असता हे कुणी सिद्ध करू शकत नाही. पण त्याला कुणी 'यंदा नको' म्हणणारं असतं तर बरं झालं असतं, असं ह्यूस्टनच्या चाहत्यांना वाटलं तर मी त्यांना दोष देणार नाही.

आता पुढे काय? युरोलीगचा पसारा वाढतोच आहे. २०१६ मध्ये १६ संघ आणि ३० फेऱ्या होत्या. २०२५-२६ मध्ये २० संघ आणि ३८ फेऱ्या झाल्या. वर्षाचे आठवडे मात्र ५२ च आहेत. दुसरीकडे मार्च २०२५ मध्ये एनबीए आणि फिबा यांनी मिळून युरोपात नवी लीग काढण्याचा विचार जाहीर केला. ती फिबाच्या झाडावर उगवणार असेल तर खिडक्यांच्या दिवसांत थांबेल, असं मानायला जागा आहे.

आणि आपण? भारतही या खिडक्यांमध्ये खेळतो. सतनाम सिंग भामराला २०१५ मध्ये डॅलसने निवडलं, अमृतपाल सिंग सिडनी किंग्जकडून ऑस्ट्रेलियात खेळला, पण भारतीय संघातले बहुतेक खेळाडू नोकरीतले असतात: रेल्वे, सैन्यदल, ओएनजीसी. त्यांना युरोलीगचं वेळापत्रक आडवं येत नाही. त्यांना लागते ती विशेष नैमित्तिक रजा, आणि तिच्यासाठी अर्ज वेळेत साहेबांच्या टेबलावर पोचावा लागतो.